भट्टीवरच्या खोलीतली थंडी

४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुला नात झाली हे तारेने कळलंच असेल. मामंजींनी तिला बेकरीच्या तराजूत तोललं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी माल कमी भरला. सासूबाई म्हणाल्या, नाक आमच्याकडचं, रडणं मात्र तुमच्याकडचं. मी म्हटलं, रडण्याची वेळ आमच्याकडे कधी आलीच नाही, त्यामुळे तेही तुमचंच असणार. त्या हसल्या नाहीत, पण पाठ फिरवून हसल्या असाव्यात, कारण खांदे हलत होते.

बाळंतपण इथेच, माझ्या खोलीत झालं. घरचे डॉक्टर आले होते. मूल लवकर आलं, पण नंतर त्यांना बराच वेळ झटावं लागलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तूही विचारू नकोस.

तुझा पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत खाजवायला तू माझी विणकामाची सुई घालतेस, हे शेजारीणबाईंनी मला कळवलं आहे. असं करू नकोस. तुला इथे यायचं आहे, दुसरं प्लास्टर घालून घ्यायचं नाही.

बाकी सगळं ठीक. फक्त मधूनच हुडहुडी भरते. गंमत म्हणजे माझी खोली भट्टीच्या बरोबर वर आहे. फरशीवर अनवाणी पाय ठेवला तर चटका बसतो, आणि मी रजयांत गुरफटून दात वाजवत पडलेली! हे म्हणतात, तुला बर्फाच्या कारखान्यात द्यायला हवं होतं. सासूबाई दर थोड्या वेळाने कपाळाला हात लावतात आणि म्हणतात, गार तर आहेस. मग मीही म्हणते, असेन.

पत्र जरा जपून लिही. इथे आलेलं प्रत्येक पत्र मामंजी जेवताना मोठ्याने वाचतात, ती या घरची रीतच आहे. मागच्या पत्रात तू मला ठमे म्हटलंस, तेव्हापासून हेही मला ठमेच म्हणतात.

डोळे मिटताहेत, पुरे करते. नातीसाठी नवं काही शिवू नकोस, आधी पाय सांभाळ. लोभ आहेच, तो नातीकडे थोडा वळवलास तरी मी भांडणार नाही.

तुझी,
ठमी

६ फेब्रुवारी

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद, आणि चिमुकलीला आजीचा पहिला पापा.

पत्र आलं. शेजारीणबाईंनी ते मला वाचून दाखवायची तयारी केली होती, पण मी हिसकावून घेतलं. दोनदा वाचलं. मग वाचणं सोडून नुसत्या ओळी पाहिल्या. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हांला कोऱ्या कागदावर सरळ लिहायला लावायच्या, ओळ कलली की पट्टी हातावर. मी तुला पट्टीशिवाय तेच शिकवलं. तुझं पत्र सुरुवातीला सरळ आहे. शेवटी शेवटी ओळी खाली घसरत गेल्या आहेत, जिन्यावरून कोणी उतरावं तशा.

ठमे, तुला अक्कामावशीबद्दल मी फारसं सांगितलेलं नाही. तू तिला फोटोतच पाहिलंस. ती माझी थोरली बहीण. मला केसांची रिबीन बांधता यायची नाही, ती बांधायची आणि गाठ घट्ट बसावी म्हणून शेवटी एक टपली द्यायची. बाळंतपणानंतर गेली, एवढंच तुला माहीत आहे. मी तेव्हा शाळेत होते. तिला भेटायला मला नेलं, तर भर उन्हाळ्यात ती पांघरूण मागत होती आणि घरातली मोठी माणसं खोलीत गुलाबपाणी शिंपडत होती. दुधाचा ताप आहे, उतरेल, असं सगळे म्हणत होते. मला तो वास फार आवडला होता. ते गुलाबपाणी कशासाठी होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

इथे थांबते, कारण व्याही वाचत असतील. मला काय विचारायचं आहे ते तुला कळेल. जे असेल ते खरं कळव. आणि थर्मामीटर लाव. घरात नसेल तर मागवून लाव. मला आकडा हवा आहे, सासूबाईंचा हात नको. त्यांना माझा नमस्कार सांग आणि हे वाक्य जेवताना गाळायला सांग.

सुई मी परत डब्यात ठेवली आहे. तू लवकर लिही. तुझ्या अक्षराची वाट पाहणारी,

आई

८ फेब्रुवारी

ती. विहीणबाईंस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. एकही वाक्य न गाळता वाचलं गेलं, हेही कळवते. सूनबाई थकली आहे, म्हणून उत्तर मी लिहिते. माझं अक्षर तुमच्यासारखं वळणदार नाही. आम्ही पाटीवर शिकलो.

तुमची मुलगी सुखरूप आहे. आमच्या घरात थर्मामीटर नाही, आणि असायची गरज कधी पडली नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून ताप हातालाच कळत आला आहे. भट्टी तापली की नाही तेही आम्ही आत हात धरूनच सांगतो, आणि आजवर पाव करपले नाहीत. मी दिवसातून कितीदा तरी तिच्या कपाळाला हात लावते. गार असतं. डॉक्टर काल येऊन गेले. त्यांनी दारातूनच विचारपूस केली आणि दुधामुळे अंग जरा कसकसतं, हे पहिलटकरणीला नवीन असतं म्हणून घाबरते, असं म्हणाले. आमच्या घरातली तीन बाळंतपणं त्यांनीच केली.

तुमची लेक नाजूक आहे, हे काही आम्हांला आज कळलेलं नाही. काल तिने तिसरी रजई मागितली. भट्टीवरच्या खोलीत! मी दिली. लाड करायला आम्हांलाही येतात. तुमची काळजी मी समजू शकते, पण कॉन्व्हेंटात शिकलेल्या माणसांना काळजीसुद्धा जरा ऐटीतच वाटते असं दिसतं.

पायाची काळजी घ्यावी. आपल्या बहिणीविषयी वाचून वाईट वाटलं, पण ज्याचं त्याचं नशीब. आणि बाळंतिणीला असलं काही लिहू नये. ते ऐकलं त्या दिवशी ती जेवली नाही.

लोभ असावा, आणि थोडा विश्वासही.

आपली,
विहीण

१० फेब्रुवारी, जलद टपालाने

ती. विहीणबाईंस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी मधेच थांबले होते. आज थांबणार नाही. तार करणार होते, पण मजकूर वाचून शेजारीणबाई म्हणाल्या, हे शब्द घेऊन मी तारेच्या खिडकीपाशी उभी राहणार नाही, हवं तर माझा जीव घ्या. म्हणून पत्र. व्याही ते जेवताना मोठ्याने वाचतील हे मला माहीत आहे. त्यांनी वाचावं. कोणाला घास गिळवला नाही तर ताट बाजूला सारावं, पण ऐकावं.

आपल्या मुलांच्या लग्नात तुम्ही माझा हात धरलात, आठवतं? मी दचकले होते. इस्त्रीवरून नुकताच उचलल्यासारखा तुमचा हात होता. तुम्ही हसून म्हणालात, आमच्याकडे सगळ्यांचे असेच. विहीणबाई, तुमच्या घरातले सगळे हात भट्टीतून निघालेले आहेत. त्या हातांना तापलेलं कपाळ गारच लागणार. तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. तुम्ही तिसरी रजई दिलीत. पण फरशीला चटका बसतो अशा खोलीत जी मुलगी तिसरी रजई मागते, ती नाजूक नसते, ती आजारी असते. दूध भरलं की अंग कोमट होतं, एवढं मलाही ठाऊक आहे, मीही हिला दूध पाजलं आहे. पण ते दिवसेंदिवस दात वाजवत बसत नाही.

आता जे अक्काच्या घरी कोणी विचारलं नाही ते विचारते. तिच्या अंगावरून जे जातं त्याला घाण वास येतो का? बेंबीखाली हात ठेवून दाबलं तर ती कळवळते का? वार सगळी पडली का, की तुकडा आत राहिला? डॉक्टर नंतर बराच वेळ झटत होते असं ती लिहिते, ते कशासाठी? त्यांनी वार उलटीपालटी करून पाहिली का, की दार उघडून मुलगी झाली म्हणून सांगायची घाई होती? दारातून विचारपूस करणाऱ्या डॉक्टरांना यातलं काय दिसलं असेल?

हे शब्द माझ्या तोंडून कधी गेलेले नाहीत. शाळेत आम्हांला गुडघ्यालासुद्धा गुडघा म्हणू देत नसत, आणि मी त्या सिस्टरांवर अजून प्रेम करते. पण मला असभ्य म्हणा. मुलगी जिवंत असलेली असभ्य बाई व्हायला मी तयार आहे. अक्काच्या सासरचे लोक फार सभ्य होते.

नशिबाचं म्हणाल, तर अक्का नशिबाने गेली नाही. विचारायची लाज वाटली म्हणून गेली. तुमच्या घरात ते घडू देऊ नका. तिला आजच मोठ्या इस्पितळात न्या. मला चालता येत असतं तर मी हे पत्र लिहीत बसले नसते, तुमच्या दारात उभी असते आणि तुम्हांला ते याहून जड गेलं असतं.

लोभाची आज अपेक्षा नाही. रागाने का होईना, वर जाऊन तिला पाहा.

तिची आई

१२ फेब्रुवारी
इस्पितळातून

ती. विहीणबाईंस,
सा. न. वि. वि. आज नमस्कार आधी आणि भांडण नंतर, कारण भांडायला आपण दोघीही उरलो पाहिजे.

तुमची लेक आत आहे. जिवंत आहे. याहून जास्त मला कोणी सांगत नाही, म्हणून जे घडलं तेच लिहिते.

पत्र जेवतानाच आलं. ह्यांनी नेहमीप्रमाणे चष्मा लावून सुरुवात केली. माझ्या हातांबद्दल लिहिलेलं वाचताना ह्यांना जरा मजा वाटत होती. मग पुढच्या ओळीशी अडकले. कागदाची घडी केली आणि म्हणाले, हे पत्र घरंदाज माणसांच्या ताटावर वाचायचं नाही. मी म्हटलं, इकडे द्या. इतकी वर्षं या घरात पत्रं येताहेत, मी एकही मोठ्याने वाचलेलं नव्हतं. मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. ते शब्दही वाचले. मुलाच्या हातातला चमचा ताटात पडला. हे उठून हात धुवायला गेले.

मी वर गेले ती तुमचं तोंड बंद करायला, खोटं कशाला सांगू. नळाखाली हात धरून गार केले. आधी बाळाच्या कपाळाला लावून पाहिलं, मग तिच्या. विहीणबाई, मी हात मागे ओढला. भट्टीचं दार उघडल्यावर ओढतो तसा.

मग विचारलं. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि रडू लागली. वास येत होता. तिचे कपडे ती माझ्या आधी उठून स्वतः धूत होती, उभं राहवत नव्हतं तरी. आणि मला नाक नव्हतं का, असं तुम्ही विचाराल. खाली दिवसभर पाव भाजले जातात. त्या वासाने आमचं सगळं घर भरलेलं असतं. त्याच्यापलीकडचा वास आम्हांला येतच नाही.

खाली आले. गाडी दारात होती, पण दुपारचा माल भरलेला. मी मुलाला म्हटलं, ट्रे काढ. तो बापाकडे बघू लागला. हे म्हणाले, आधी माल पोचू दे, हॉटेलवाले वाट बघताहेत, डॉक्टरला पुन्हा बोलावू. मी पहिला ट्रे ओढला आणि फुटपाथवर उपडा केला. गरम पाव रस्त्यावर घरंगळत गेले, लोक थांबून बघू लागले. दुसरा ट्रे ओढला, तोही. मी ह्यांना म्हटलं, हॉटेलवाल्यांना सांगा, आज बेकरीवालीला वेड लागलंय. तिसरा ट्रे मुलाने काढला. इतक्या वर्षांत बापासमोर त्याने केलेली ती पहिली गोष्ट. गादी टाकली, तिला आत निजवलं, डोकं माझ्या मांडीवर घेतलं. पिठाने आम्ही दोघी पांढऱ्या झालो होतो.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर लावला, पाहिला आणि पावलं भरभर टाकू लागल्या. तुम्ही लिहिलं होतं तेच निघालं. वारेचा तुकडा आत राहून सडला होता. त्याचं विष रक्तात गेलं आहे म्हणतात. आत नेऊन साफ केलं, आता सुया टोचताहेत. इतका उशीर का केलात, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, आमचे हात गरम असतात म्हणून. त्यांना काही कळलं नाही, आणि मला समजावून सांगवेना.

मला घरी जायला सांगत होते. इथे राहायची परवानगी नाही म्हणे. मी बाळाला घेऊन तिच्या दाराशी बाकावर बसले आहे. वॉर्डबॉय आला, मग हेड नर्स आली. मी म्हटलं, मला उचलून न्यावं लागेल आणि मी बारीक बाई नाही. तेव्हापासून कोणी आलेलं नाही. आमचे घरचे डॉक्टर येऊन गेले. एवढी धावपळ कशाला, ताप घरीच उतरला असता म्हणाले. मी त्यांना म्हटलं, आता दारातून विचारपूस करायला या, दारात मी बसले आहे. हे संध्याकाळी डबा घेऊन आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मी नात त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिला तराजूसारखं हातावर तोललं आणि म्हणाले, हिची आई वाचू दे, हॉटेल गेलं खड्ड्यात.

नशिबाचं जे लिहिलं ते मागे घेते. ऐटीचं मागे घेत नाही, ती आहेच तुमच्यात.

लोभ असू द्या. आज मला त्याची गरज आहे.

विहीण

१४ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाईंस,
सा. न. वि. वि.

मायना बदलला आहे. चालत नसेल तर रागवा.

तुमचं पत्र उशीखाली ठेवून झोपायचा प्रयत्न केला. झोप आली नाही, पण शेजारीणबाई म्हणतात, मी झोपेत कोणाला तरी तिसरा ट्रे काढ म्हणून सांगत होते. म्हणजे थोडी लागली असावी.

अक्काच्या खोलीबाहेरही बाक होता. त्यावर आम्ही मुलं बसायचो आणि मोठी माणसं आम्हांला उठवून बागेत खेळायला पाठवायची. कोणी बसूच नये असा तो बाक होता. तुम्ही तिच्या दाराशी बसला आहात, उठत नाही, हे मी दिवसभर मनात बघत असते. माझ्या जागी तुम्ही आहात, असं लिहिणार होते. पण ती जागा तुमचीच आहे, तुम्ही ती ट्रे उपडे करून मिळवली आहे.

तिला बरं वाटलं तर कळवा. वाटलं नाही तरी तुमच्याच हाताने कळवा, दुसऱ्या कोणाच्या नको. आणि तिच्या कानाशी जाऊन सांगा, आईने तुला मरायची परवानगी दिलेली नाही. आईचं ती कधी ऐकत नाही, हे खरं. या वेळी ऐकायला सांगा.

ऐट सांभाळून असलेली,
तुमची मैत्रीण

२१ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे माझं अक्षर आहे, ओळी तपासून घे. वाकड्या आहेत, पण खाली नाही, वर चालल्या आहेत. पाठीशी उशा आहेत आणि कागद सासूबाईंच्या डब्याच्या झाकणावर टेकवला आहे.

ताप उतरला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला, आणि आता कालपासून येत नाही. मधले दिवस मला नीट आठवत नाहीत. सासूबाई माझ्या कानाशी येऊन तुझा निरोप जोरात सांगत होत्या एवढं आठवतं, कारण शेजारच्या खाटेवरची बाई घाबरून उठून बसली होती. सगळा वॉर्ड तुला ओळखतो आता. मला दूध पाजता येईल की नाही ते डॉक्टरीणबाई नंतर बघणार आहेत. चिमुकली तोपर्यंत बाटलीवर आहे आणि त्याचा तिला काहीही पश्चात्ताप नाही.

तू मला रागावशील. मी सगळं लपवलं. वासाचं मी कोणालाही सांगितलं नसतं, तुलाही नाही. आपण मरतोय असं मला वाटलंच नव्हतं, आपण घाणेरड्या आहोत एवढंच वाटत होतं. मला वाटायचं, हे सगळ्यांनाच होत असेल आणि चांगल्या घरच्या मुली ते बोलत नसतील. तुझं पत्र सासूबाईंनी मला इथे परत वाचून दाखवलं. ते शब्द तुझ्या त्या सुंदर अक्षरात पाहून मला हसू आलं, मग बाळंतपणातले टाके दुखले.

आता एक गोष्ट सांगते आणि मग झोपते. काल दुपारी पलीकडच्या खाटेवर एक मुलगी आणली. माझ्याहून लहान असेल. बरोबर तिच्या नवऱ्याची आत्या होती. ती नर्सला सांगत होती की विशेष काही नाही, दुधाचा ताप आहे, पण हिला इस्पितळाची हौस. नर्सला आणखी दहा कामं होती. बघू म्हणाली आणि गेली. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची पाठ मी पाहिली, आई. रजईच्या आत ती थरथरत होती. सासूबाई तेव्हा बाळाची बाटली उकळायला गेल्या होत्या.

मी खाटेवरून उतरले. मला उतरायची परवानगी नाही. भिंत धरून तिच्यापर्यंत गेले आणि तिला विचारलं, वास येतो का? आत्याबाई कडाडल्या की लाज नाही वाटत का, चारचौघांत काय विचारतेस. मी म्हटलं, वाटायची, आता तेवढी ताकद नाही. मुलीने भिंतीकडेच बघत हो म्हणून मान हलवली. मग मी तशीच भिंत धरून नर्सच्या टेबलापर्यंत गेले आणि टेबल धरून उभी राहिले. ती मला ओरडली, पडशील, टाके तुटतील, तुझ्या सासूला सांगते. मी म्हटलं, सांगा, पण आधी तिकडे चला. ती नाही म्हणाली. मी हललेच नाही. शेवटी मला परत खाटेवर नेण्यासाठी का होईना, तिला उठावं लागलं, आणि माझी खाट त्या मुलीच्या पलीकडे आहे.

जाता जाता नर्सने त्या मुलीला हात लावून पाहिलं, आणि तिला लगेच आत नेलं. आत्याबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

नर्सने माझ्या खाटेला चिठ्ठी लावली आहे की या रुग्णाने उठू नये. तुझा लोभ असाच खवळलेला राहू दे, कारण वॉर्डात आज आणखी एक खाट भरली आहे आणि मी उठणार आहे.

तुझी,
ठमी